खाली गेलेली रेघ

माझी रेघ खाली जाते म्हणून प्राचार्यांनी ती वर वळवून घेतली. झालं ते एवढंच. पण माझं डोकं अजून तापलेलं आहे, आणि आता पुन्हा कुणी 'जाऊ दे गं प्रांजल' म्हणालं ना, तर त्याची काही खैर नाही.

मी फलटणला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. घर माण तालुक्यात, वाडीवर. आबांची मेंढरं आहेत आणि अलीकडं थोडी शेतीही. आबांचं नाव धुळा. ते स्वतः चौथीपर्यंत शिकले, पण मी काय शिकते हे मला दर सुट्टीत विचारतात आणि कळेपर्यंत सोडत नाहीत. आमच्या कॉलेजातल्या निम्म्या लोकांनी मला हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही विचारला नाही.

पुण्याची एक संशोधन संस्था दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एकाच विद्यार्थ्याला उन्हाळ्यात दोन महिने बोलावते. साताऱ्याच्या विज्ञान स्पर्धेत जो पहिला येईल तो जातो. अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्रांवर काम करणारे लोक तिथं आहेत. मला तिथं जायचं होतं. ढाल नको, शाल नको, ट्रॅकसूट तर मुळीच नको. ती एक जागा पाहिजे होती, आणि शेवटचं वर्ष असल्यामुळं ती यंदाच मिळणार होती.

दिवाळीत आबांनी विचारलं, "ह्या येळंला काय काढलंयस?"

मी सांगितलं. युरोपातल्या लोकांना तीन यानं अवकाशात सोडायची आहेत. अजून सोडलेली नाहीत, दहाएक वर्षं लागतील. एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर राहायचं, तिघांनी मिळून त्रिकोण करायचा आणि लेसरनं आपापसातलं अंतर मोजत सूर्याभोवती फिरायचं. लांब कुठंतरी दोन प्रचंड कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरतं आणि ते अंतर अणूपेक्षाही कमी हलतं. तेवढं हललेलं कळलं पाहिजे.

"कळंल का पण?" आबा म्हणाले.

"तेच मी मोजतीय, आबा. यंत्राला किती बारीक कळंल ते."

मग मी मातीत काटकीनं रेघ काढली. डावीकडून वरून सुरू होते, खाली उतरते, मध्ये तळ गाठते आणि उजवीकडं परत चढते. डावीकडं सावकाश येणाऱ्या लहरी. तिथं यंत्राला इकडचे तिकडचे बारीक धक्के बसतात, त्यात लहर हरवते. उजवीकडं घाईच्या लहरी. तिथं लेसरच्या उजेडाचीच खरखर आडवी येते. मध्ये यंत्राचा कान सगळ्यात तिखट. रेघेच्या वर जे डोकं काढेल तेवढंच ऐकू येणार, रेघेखालचं सगळं गोंगाटात बुडालं. म्हणून रेघ जितकी खाली, तितकं यंत्र चांगलं.

आबांनी बराच वेळ रेघेकडं बघितलं. "वाघरीसारखं हाय मंग," ते म्हणाले. वाघर म्हणजे आमचं मेंढरांभोवती लावायचं जाळं. "वाघर उच्ची आसली की नुसती मोठाली मेंढरंच वरनं दिसत्यात. ठेंगणी आसली की कोकरूबी दिसतंय."

"व्हय आबा. तसंच."

"मंग ठेंगणीच कर."

मी जीव ओतून काम केलं. कॉलेजच्या लॅबमधल्या मढं झालेल्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवले. लहर आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येऊ शकते आणि प्रत्येक दिशेनं यंत्राला सारखंच ऐकू येत नाही. म्हणून सगळ्या आकाशाची सरासरी काढावी लागते, नाहीतर आपल्याला सोयीची दिशा धरून रेघ खाली ओढल्यासारखं होतं. ती लबाडी मी केली नाही. आपल्याच आकाशगंगेतल्या लाखो जोडताऱ्यांचा गलका रेघेला एके ठिकाणी फुगवटा आणतो, तोही मी दाखवला. रेघ थोडी वर गेली, पण खरी होती.

आणि मग आमच्या कॉलेजची रीत आडवी आली. आमच्याकडं कुठलंही काम झालं की आधी फ्लेक्स होतो. स्पर्धेला कागदाचं पोस्टर चाललं असतं. पण कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव जाणार म्हटल्यावर दहा फुटी फ्लेक्स ठरला. वर संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे साहेब, त्यांच्या बाजूला उपाध्यक्ष, सचिव, मग प्राचार्य मानसिंग सर. माझा फोटो खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढा. मधली जागा आलेखाला. मी फाईल पेनड्राइव्हवर दिली आणि फ्लेक्सवाल्या सूरजला बजावून सांगितलं, "दादा, ह्यात काय हलवू नका." तो म्हणाला, "ताई, आपन बिनधास्त ऱ्हावा." मी बिनधास्त राहिले, आणि तिथंच फसले.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही साताऱ्याला पोचलो. हॉलमध्ये फ्लेक्स आधीच बांधला होता. आबा वाडीवरून परस्पर आले होते, लाल पटका बांधून. फ्लेक्ससमोर उभे राहून मोबाईलवर फोटो काढत होते.

"लय झ्याक दिसतंय की गं," ते म्हणाले. "डोंगरावानी."

मी वर बघितलं. रेघ खालून सुरू होऊन वर चढली होती, मध्ये शिखर गाठून पलीकडं उतरली होती. आकडे गायब. शिखरावर एक पिवळं रॉकेट. वर जाड अक्षरात 'संस्थेची अवकाशाला गवसणी'. ह्या आलेखानुसार युरोपातल्या शहाण्या लोकांनी असं यंत्र बनवायला घेतलं होतं, की जिथं ऐकू यायला पाहिजे नेमकं तिथंच ते ठार बहिरं!

मी तिथनंच सूरजला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, माझा काय दोष न्हाई. सर आल्तं प्रूफ बघायला. त्यांनीच उलटवाय लावलं. आकडं गिचमिड दिसत हुतं, म्हनून म्या पुसलं. रॉकेट मात्र माज्याकडनं, फुकाट."

मानसिंग सर कोट घालून हॉलच्या दारात साहेबांची वाट बघत उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सर, आलेख उलटा का केला?"

"उलटा नाही, सुलटा केला," सर म्हणाले. सर वाणिज्य शाखेचे. "अगं, बघणाऱ्याला काय वाटेल? कॉलेजची पोरगी, संस्थेचं नाव आणि रेघ अशी घसरगुंडीला लागलेली! मी तीस वर्षं नफ्या-तोट्याचे आलेख शिकवतोय. खाली गेलेली रेघ बघून कुणी बक्षीस देतं का?"

"सर, ह्यात खालीच चांगलं असतं!"

"आता इतक्या बारकाईनं कोण बघतंय? तू बिनधास्त सांग, उंच ते चांगलं. आणि आवाज खाली. साहेब येतायत."

तुम्हीच सांगा, काय करायचं माणसानं? बरं, सर वाईट आहेत असंही नाही. माझी फी थकली होती तेव्हा त्यांनीच सांभाळून घेतलं होतं, आणि हे माझ्या भल्यासाठीच केलं असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून तर जास्त संताप येतो. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

परीक्षक आले. दोघं होते. एक साताऱ्याचे गृहस्थ, ते सगळ्या पोरांना 'याचा शेतकऱ्याला काय उपयोग?' एवढंच विचारत होते. दुसऱ्या पुण्याच्या संस्थेतल्याच रणदिवे मॅडम. त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी बघितली आणि मला राहवलं नाही.

"मॅडम, हा आलेख उलटा छापलाय. माझा असा नव्हता."

"घाबरलीय जरा," मागून सर हसत म्हणाले. "पहिलीच वेळ आहे."

"मी घाबरले नाही सर! मॅडम, मला दोन मिनिटं द्या."

मी स्टूल ओढलं, वर चढले, दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स डोकं खाली करून परत बांधायला लागले. आबांनी लगेच दुसरं टोक धरलं. सगळे फोटो उलटे लटकले. रेघ खाली गेली, पण अजून चूक होती. असं फिरवलं की डावं उजवीकडं जातं. मी म्हणाले, "मॅडम, आता मागच्या बाजूनं बघा. खिडकीतनं ऊन येतंय, आरपार दिसेल. मग डावं-उजवंही जागेवर येतं."

रणदिवे मॅडम खरंच फ्लेक्सच्या मागं गेल्या. मी पण गेले. उन्हात रेघ फिकी पण स्वच्छ दिसत होती, जशी मी काढली होती तशी. त्यांनी तो फुगवटा बोटानं दाखवला. "हा जोडताऱ्यांचा?" मी हो म्हणाले. "आणि सरासरी सगळ्या आकाशाची?" मी परत हो म्हणाले. त्या हसल्या. इतक्या सुखात मी कधीच नव्हते बघा, खोटं नाही सांगत.

पुढच्या बाजूला मात्र साहेब हॉलमध्ये शिरले होते. हलगी, हार, मागं पंधरा-वीस माणसं. आणि समोर साहेब स्वतःच, दीड फुटी, डोकं खाली पाय वर. हलगी बंद पडली.

पुढं काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. कुणी म्हणालं पोरगी विरोधी पार्टीची आहे. कुणी आबांचं मनगट धरलं. मी ओरडून ओरडून सांगत होते की रेघ बघा, फोटो नका बघू, पण ऐकतंय कोण! मानसिंग सर घामानं निथळत स्टेजवर गेले, माईक घेतला आणि म्हणाले, "बेशिस्तीच्या कारणास्तव आमचं महाविद्यालय ही प्रवेशिका मागे घेत आहे."

माझी प्रवेशिका! काम माझं, आणि मागं घेणार हे!

मी रणदिवे मॅडमकडं धावले. म्हटलं, तुम्ही बघितलंय, तुम्हाला कळलंय, तुम्ही बोला की. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काम फार चांगलं आहे. पण प्रवेशिका कॉलेजच्या नावानं असते. त्यांनीच मागं घेतल्यावर मी गुण देऊ शकत नाही. शनिवारी यादी पक्की होते. तोवर तुझ्या प्राचार्यांनी मला फोन करून माघार रद्द केली, तर मी गुण लावते." त्यांनी नंबर दिला आणि पुढच्या पोराकडं गेल्या. ठिबक सिंचनाचं मॉडेल होतं. मला त्यांचाही राग आला, तो अजून आहे. कळलेल्या माणसानं हळू आवाजात बोलून कसं भागेल?

फ्लेक्स कोपऱ्यात बोळा होऊन पडला होता. आबांनी तो उचलला, झटकला आणि नीट घडी केली. "माज्या लेकीचं काम हाय," एवढंच म्हणाले आणि बगलेत मारला.

वाडीवर येऊन त्यांनी तो कोकरांच्या खोपीच्या काठ्यांवर छप्पर म्हणून टाकला. आमच्याकडं प्रत्येक फ्लेक्सचा शेवट असाच होतो, कडब्याच्या गंजीवर नाहीतर मेंढरांवर. छापील बाजू आभाळाकडं. दुसऱ्या दिवशी कोकरांना पाला टाकायला मी आत वाकून शिरले, दाराकडं तोंड करून बसले आणि सहज वर बघितलं. ऊन आरपार येत होतं. साहेब उलटे, उपाध्यक्ष उलटे, सर उलटे, रॉकेट जमिनीकडं निघालेलं, आणि माझी रेघ सरळ. मी आबांना हाक मारली. ते माझ्याशेजारी टेकले आणि वर बघत राहिले.

"आता कशी वाघर ठेंगणी झाली," ते म्हणाले.

मी सरांना फोन केले. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा 'बघू' म्हणाले. आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच वाडीवर आले, गाडी घेऊन. मला वाटलं, सुटले! पण कुणीतरी छपराचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. साहेबांच्या तोंडावर कावळ्यानं काय केलंय ते त्यात स्पष्ट दिसत होतं.

"हा फ्लेक्स आधी काढा," सर गाडीतून उतरता उतरता म्हणाले. "साहेबांनी मला बोलावून विचारलंय."

आबा म्हणाले, "काढतू की सर. पर एक डाव आत बसून बघा. पोरगी काय म्हंती ते एकदा बघा."

"सर, मॅडमचा नंबर लावून ठेवलाय," मी म्हणाले. "तुम्ही फक्त 'माघार रद्द' एवढं म्हणायचं. त्याआधी मी काय केलंय ते बघा. पाच मिनिटं. फीचं सोडलं तर तीन वर्षांत मी तुमच्याकडं काही मागितलं नाही."

सरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग पँट वर ओढली, वाकले आणि आत शिरले. पांढरा शर्ट, लेंड्यांत बसकण. सहा-सात कोकरं त्यांचा बूट हुंगायला लागली. मी त्यांना दाराकडं तोंड करून बसवलं आणि वर बोट केलं. सगळं सांगितलं, आबांना सांगितलं होतं तसंच. त्रिकोण, लेसर, वाघर. डावीकडचे धक्के, उजवीकडची खरखर, मधला तळ. शांतपणे सांगितलं हो, अगदी मऊ आवाजात. सर वर बघत होते. मान हलवत होते. माझा अंगठा हिरव्या बटणावर होता.

"कळलं का सर?"

"कळलं, कळलं," सर म्हणाले. मग बूड सरकवत सरकवत त्यांनी पूर्ण गिरकी घेतली, दाराकडं पाठ केली आणि पुन्हा वर बघितलं. चेहरा एकदम खुलला. "हे बघ. असं बसलं की साहेब सरळ दिसतात."

मी पण मान वळवून बघितलं. साहेब सरळ होते. रेघेचा परत डोंगर झाला होता आणि शिखरावर ते पिवळं रॉकेट.

"फोन लावू का सर?"

"फोनचं बघू नंतर. तू असं कर, फ्लेक्स काढून हाच कॉलेजच्या गेटवर लावू. साहेबांचा राग जाईल. तुझं पण नाव होईल."

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "सर, त्या यंत्राला पंचवीस लाख किलोमीटरवर अणूएवढंसुद्धा हललेलं कळणार आहे. तुम्हाला दोन हातांवरची रेघ कळली नाही. कळली नाही असंही नाही, तुम्ही तिच्याकडं पाठ फिरवून बसलात!"

"प्रांजल, तू कुणाशी बोलतेस—"

पण तेवढ्यात माळावरून मेंढरं परतली. दिवसभर चरून आलेल्या आया वाघरीपाशी येऊन ओरडायला लागल्या आणि आतली कोकरं उभी राहिली. कोकरं सोडायची वेळ झाली होती. दारात आडवी काठी असते, ती आबा रोज काढतात. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी काठी काढली.

दाराकडं पाठ करून बसलेल्या माणसाला काय येतंय ते दिसत नाही. आधी आया आत घुसल्या, मग कोकरं बाहेर निघाली, आणि मधल्या मध्ये सर. त्यांचा चष्मा एकीकडं, पेन एकीकडं. आबांनीच त्यांना हात देऊन बाहेर काढलं, पाठीवरच्या लेंड्या झटकल्या, चष्मा धोतराला पुसून दिला आणि च्या घ्या म्हणाले. सर चहा न घेता गेले.

शनिवारी मी नंबर समोर ठेवून बसले होते. सरांनी फोन केला नाही. जागा ठिबकवाल्या पोराला गेली. फ्लेक्स अजून छपरावर आहे. तो काढायचा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा आबांनी सांगितलं, "आदी आत बसून बघा, मंग काढा." अजून कुणी वाकलं नाही.